म्हातारपणाचें गांव आणि त्याचा संघ

पुण्याच्या एका वाचकभगिनीचें पत्र गेले आठ दिवस माझ्या मेजावर पडून आहे. त्यांच्या धाकट्या दिरांनीं चाळीस वर्षें अमेरिकेंत नोकरी केली. आतां ते सेवानिवृत्त झाले असून तिकडेच, ॲरिझोना राज्यांत, केवळ वृद्धांसाठीं वसविलेल्या एका नगरांत घर घेण्याच्या विचारांत आहेत. वार्ता आली तेव्हां घरांत सर्वांना कौतुकच वाटलें. परंतु तेथें लहान मुलांना वस्ती करतां येत नाहीं, नातवंडेंसुद्धां वर्षांतून ठराविक दिवसच पाहुणीं म्हणून राहूं शकतात, असें कळल्यावर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनीं हातांतली पोथी मिटली आणि विचारलें, "मग त्या घरांत तिन्हीसांजेला शुभंकरोति म्हणायचें कोणीं?" दिरांनीं उत्तर पाठविलें, "वहिनी, आईला सांगा, काळजीचें कारण नाहीं. इथें सगळें पाहायला संघ आहे." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "हा संघ म्हणजे कोण, बाई?"

हा प्रश्न त्यांनीं विनोदानें विचारलेला नसावा. मला तर तो फार मार्मिक वाटला, आणि म्हणूनच या महिन्याचें पान त्याला दिलें आहे.

संघ म्हणजे कोण हें सांगण्यापूर्वीं तें गांव कसें वसलें तें सांगितलें पाहिजे. अशा वसाहतींचें मूळपीठ म्हणजे फीनिक्स शहराच्या वायव्येस असलेलें सन सिटी. तेथें पूर्वीं कापसाचीं शेतें होतीं. डेल वेब नांवाच्या एका धाडसी बांधकाम-व्यावसायिकानें १९६० सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस या नगराचें द्वार उघडलें. विकावयाचीं घरें अजून बहुतांशीं कागदावरच होतीं. परंतु गोल्फचें मैदान, मनोरंजनगृह आणि बाजार हीं मात्र तयार होतीं. आधीं सोय दाखवावी आणि मग घर विकावें, असा त्याचा हिशेब होता, व तो बरोबर ठरला. पहिल्या तीन दिवसांत सुमारें एक लाख माणसें तें पाहावयास लोटलीं. १९६२ च्या ऑगस्टमध्यें 'टाइम' साप्ताहिकानें वेब यांचें चित्र मुखपृष्ठावर छापलें. २०२० च्या जनगणनेंत तेथील लोकसंख्या चाळीस हजारांच्या घरांत भरली. मुलांपासून वेगळें राहण्याची कल्पना कांहीं वेबनें काढली नव्हती. १९३५ च्या कायद्यानें तिकडे वृद्धांसाठीं सरकारी निवृत्तिवेतनाची तरतूद झाली होती, आणि हातीं स्वतःचा पैसा आल्यावर म्हातारपणीं स्वतंत्र चूल मांडण्याची इच्छाही बळावली होती. वेबनें त्या इच्छेला एक पत्ता दिला, एवढेंच.

आतां गंमत पाहा. एवढें मोठें गांव, पण त्याला नगरपालिका नाहीं. १९६४ सालीं ती स्थापन करावी कीं काय, हा प्रश्न मतदानास आला असतां रहिवाशांनीं नकार दिला, आणि पुढेंही ती कधीं झाली नाहीं. रस्ते, पोलीस वगैरे भार मॅरिकोपा जिल्ह्याच्या कारभाराकडे आहे. बाकीचें सर्व, म्हणजे आपण ज्याला गांवकी म्हणूं तें, रहिवाशांच्या संस्था पाहतात. त्यांपैकीं एक घरमालकांचा संघ. दुसरी मनोरंजन-केंद्रांची संस्था. आणि जोडघरें व सदनिका जेथें आहेत तेथें त्यांच्या त्यांच्या लहान सोसायट्या. दिरांच्या पत्रांतला 'संघ' हा एक नसून असा तीन पदरी आहे.

घरमालकांच्या संघाची सत्ता येते कोठून, हें समजून घेण्यासारखें आहे. तेथें घर घेतांना खरेदीखताबरोबर अटींचा एक नोंदणीकृत दस्त येतो. तो माणसाला नव्हे, जमिनीला चिकटलेला असतो. आज तुम्हीं घर घेतलें, उद्यां विकलें, परवां तें तुमच्या वारसाला मिळालें, तरी त्या अटी घराबरोबरच जातात. घरांत राहणाऱ्यांपैकीं निदान एकाचें वय पंचावन्न वर्षांचें असावें, एकोणीस वर्षांखालील कोणी तेथें कायम राहूं नये, अंगणांत तण माजूं देऊं नये, दारांत अडगळ सांचूं देऊं नये, अशा त्या अटी असतात. संघाचें सभासद होणें ऐच्छिक आहे; अटी मात्र सर्वांना सारख्याच. शेजाऱ्याची तक्रार आली कीं संघ पाहणी करतो, पत्र लिहितो, समजावतो, आणि कोणी ऐकेनासें झालें तर प्रकरण पुढें नेतो. घर तुमचें खरें. परंतु त्या मालकीचा एक कोपरा तुम्हीं सही करून शेजाऱ्यांच्या हातीं दिलेला असतो.

ऐकावयास हें जाचक वाटतें. पण सत्तर-पंचाहत्तरीच्या माणसाच्या बाजूनें पाहिलें तर यांत एक सोय आहे. शेजारच्या घरीं रात्रंदिवस गोंगाट चालला, तर तरुण माणूस जाऊन भांडेल. एकट्या राहणाऱ्या विधवा बाईनें काय करावें? तिला भांडण नको असतें, दाद हवी असते. ती तिच्यासाठीं मागणारा कोणी असणें, ही संघाची पहिली सेवा. दुसरी सेवा अशी कीं, नगरपालिका नसल्यामुळें जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढें गांवाचें म्हणणें संघच मांडतो. आणि तिसरी दिसावयास क्षुल्लक, परंतु मला सर्वांत मोलाची वाटते. छप्पर गळूं लागलें, नळ फुटला, थंड हवेचें यंत्र बंद पडलें, तर कोणाला बोलवावें यासाठीं विश्वासू कारागिरांची यादी संघाकडे मिळते. म्हाताऱ्या माणसाला लुबाडणारे लोक सर्व देशांत सारखेच असतात. घरांत कर्ता मुलगा असता तर "अहो, इतके कसले घेतां?" असें विचारणारा एक आवाज असता. तेथें त्या आवाजाचें काम ही यादी करते.

मनोरंजन-केंद्रांच्या संस्थेचा पसारा याहून पुष्कळ मोठा. सात केंद्रें आणि आठ गोल्फचीं मैदानें तिच्या मालकीचीं आहेत. केंद्रांत तलाव, व्यायामशाळा, सुतारकाम, शिवण, मातीकाम, रत्नांना पैलू पाडणें, पत्ते, नाच, गाणें, जें म्हणाल तें आहे; निरनिराळ्या छंदांचीं मंडळेंच शंभरांहून अधिक आहेत. येथें मात्र ऐच्छिक कांहीं नाहीं. घर घेतांना करारावर सही करावी लागते, आणि तुम्ही पोहत असां वा नसां, घरामागें वार्षिक पट्टी द्यावीच लागते. कारभार पाहणारें मंडळ घरमालकांतूनच निवडलें जातें आणि तें बिनपगारी काम करतें.

हें 'बिनपगारी' फार महत्त्वाचें आहे. या गांवाचा अर्धा कारभार म्हाताऱ्यांच्या फुकट श्रमांवर चालतो. ॲरिझोनाचा उन्हाळा आपल्या विदर्भालाही लाजविणारा; त्यामुळें पुष्कळ लोक त्या चार महिन्यांत घरें बंद करून उत्तरेकडे जातात. अशा बंद घरांवर लक्ष ठेवण्याचें काम रहिवाशांचें स्वयंसेवक पथक करतें. जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखाच्या हाताखालीं तें काम करतें, पण त्यांतील माणसें सत्तरीचीं आणि पगार शून्य. रस्त्यांच्या कडा आणि मधले पट्टे झाडणारें, तण काढणारें आणखी एक स्वयंसेवक मंडळ आहे. बँकेचा माजी अधिकारी किंवा शाळेचा मुख्याध्यापक सकाळीं हातमोजे घालून रस्त्यावरचा कचरा वेंचीत आहे, हें दृश्य आपल्याकडे अजून दुर्मिळ आहे. आपला सेवानिवृत्त गृहस्थ फिरावयास जातो, वर्तमानपत्र वाचतो, आणि सोसायटीच्या सभेंत सचिवावर तोंडसुख घेतो; सचिव होण्यास मात्र तो तयार नसतो. (माझ्यावरही हा आरोप करतां येईल, हें मी नाकारीत नाहीं.) 'आतां आपला कोणाला उपयोग नाहीं,' ही म्हातारपणाची खरी बोच. संघानें ती कांहीं अंशीं काढली आहे, आणि हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे.

आतां पैशाची गोष्ट. निवृत्त माणसाचें उत्पन्न ठरलेलें, पण छपराचें, रस्त्याचें, तलावाचें आयुष्य त्याच्या उत्पन्नाकडे पाहून थांबत नाहीं. ऐंशी वर्षांचा सभासद म्हणतो, वीस वर्षांनीं होणाऱ्या दुरुस्तीसाठीं मी आज पट्टी कां वाढवूं? त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. परंतु सर्वच सभासद असें म्हणूं लागले तर काय होतें, याचें भयंकर उदाहरण फ्लॉरिडा राज्यांत सर्फसाइड येथें घडलें. २०२१ च्या जूनच्या २४ तारखेस मध्यरात्रीनंतर तेथील एक बारा मजली इमारत कोसळली आणि ९८ माणसें गेलीं. ती कांहीं वृद्धांची वसाहत नव्हती, पण कारभार तसाच सदनिकामालकांच्या संघाकडे होता. एका अभियंत्यानें २०१८ सालींच गंभीर बिघाड दाखवून दिला होता. दुरुस्तीच्या खर्चावरून सभासदांत वाद चालले, आणि दीड कोट डॉलरांची वर्गणी मंजूर झाली ती इमारत पडण्याच्या सुमारें दोन महिने आधीं. २०२२ सालीं फ्लॉरिडानें जुन्या उंच इमारतींची तपासणी सक्तीची केली, आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी सभासदांच्या मतानें टाळण्याची जी मुभा होती ती काढून घेण्याचें ठरविलें. त्यामुळें निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अनेकांच्या मासिक वर्गण्या एकदम वाढल्या, कांहींना घरें विकावीं लागलीं, आणि २०२५ सालीं राज्याला त्या कायद्यांत थोड्या सवलती द्याव्या लागल्या. आपल्या सोसायट्यांतील 'सिंकिंग फंडा'च्या चर्चेंत जांभई देणाऱ्यांनीं ही हकीकत एकदां शांतपणें वाचावी.

सन सिटींत या अडचणीवर एक युक्ति काढली आहे. नवें घर घेणाऱ्यानें मनोरंजन-संस्थेला एकदांच एक मोठी रक्कम भरावयाची, आणि ती सुधारणेच्या निधींत ठेवावयाची. म्हणजे जुनें केंद्र पाडून नवें बांधावयाचें झालें तर त्याचा भार आधींच्या म्हाताऱ्यांवर सर्वस्वीं पडत नाहीं. जो पुढें उपभोग घेणार तो देतो. युक्ति चांगली आहे. मात्र दिरांनीं घराची किंमत मोजतांना ही रक्कम विसरूं नये.

येथपर्यंत सर्व ठीक. सासूबाईंच्या प्रश्नाचा काटा मात्र अजून तसाच आहे. मुलांना बंदी कां?

याचें उत्तर अर्धें आवडींत आणि अर्धें कायद्यांत आहे. अमेरिकेंत १९८८ सालीं कायदा झाला कीं, मुलें आहेत म्हणून कोणत्याही कुटुंबाला घर नाकारतां येणार नाहीं. त्यांतून वृद्धांच्या वसाहतींना अपवाद ठेवला, आणि १९९५ च्या दुसऱ्या कायद्यानें त्या अपवादाच्या अटी सोप्या केल्या. पंचावन्नांच्या वसाहतींत शेंकडा ऐंशी घरांत तरी त्या वयाचा एक माणूस राहत असला पाहिजे. वसाहतीनें तसा हेतु जाहीर केला पाहिजे. आणि ठराविक काळानें रहिवाशांच्या वयाचे दाखले तपासून नोंद ठेवली पाहिजे. यांत कसूर झाली तर अपवाद गेला, आणि अपवाद गेला म्हणजे त्या गांवाचें वेगळेपण गेलें. म्हणून संघ वयाच्या बाबतींत इतका कडक. राहिलेल्या शेंकडा वीसांत सवड आहे, ती कशासाठीं हें पाहिलें म्हणजे कायदा करणाऱ्यांना संसार ठाऊक होता असें वाटतें: पती साठीचा, पत्नी पन्नाशीची, आणि पती अकस्मात् गेला, तर त्या बाईला घराबाहेर काढण्याची पाळी येऊं नये. नातवंडें पाहुणीं म्हणून येऊं शकतात, सन सिटींत वर्षांतून नव्वद दिवस. दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी धरली तर आपल्याकडचीं मुंबईचीं नातवंडेंही आजोळीं याहून अधिक राहत नाहींत, हें येथें नमूद करावेंसें वाटतें.

पण नियम हा नियम असतो, आणि संसार त्यांत नेहमीं मावत नाहीं. सन सिटीला लागूनच यंगटाऊन नांवाचें लहान गांव आहे. तें सन सिटीच्याही आधीं, १९५४ सालीं, वृद्धांसाठींच वसलें. नांव 'तरुणांचें गांव' आणि वस्ती म्हाताऱ्यांची! १९९० नंतरच्या दशकांत तेथील एका वृद्ध दांपत्याकडे त्यांचा किशोरवयीन नातू आश्रयास आला, कारण त्याला स्वतःच्या घरीं राहणें अशक्य झालें होतें. गांवच्या अधिकाऱ्यांनीं नियमावर बोट ठेवून मुलाला घालविण्यास सांगितलें आणि दंडाची भाषा केली. आजी-आजोबांनीं मुलाला घालविलें नाहीं. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कचेरीपर्यंत गेलें, गांवाचा वयाचा नियमच कायद्यानें टिकणारा नाहीं असें निघालें, आणि १९९८ सालीं ती बंदी संपली. यंगटाऊनांत आतां शाळेचीं दप्तरें दिसतात. ही हकीकत मीं वाचली तेव्हां मला त्या आजीचें फार कौतुक वाटलें. पण ज्या शेजाऱ्यांनीं शांततेसाठीं आयुष्याची पुंजी तेथें घातली होती, त्यांचाही राग मला समजतो.

मुलें नकोत म्हटल्यावर मुलांचा खर्चही नको वाटूं लागतो, हा याच गोष्टीचा दुसरा भाग. आरंभीचीं कित्येक वर्षें सन सिटी शेजारच्या पिओरिया शाळा-विभागांत मोडत असे. शाळांसाठीं कर्ज काढण्याचे ठराव मतास आले कीं सन सिटीचे म्हातारे एकजुटीनें ते पाडीत. शेजारच्या गांवांतलीं मुलें दाटीवाटीनें बसत आणि त्यांचे आईबाप चरफडत. अखेर १९७० नंतरच्या दशकांत सन सिटीला त्या विभागांतून वगळण्यांत आलें, तेव्हां दोन्ही बाजूंनीं सुटकेचा श्वास टाकला. ज्यांनीं स्वतः दुसऱ्यांच्या करांवर शिक्षण घेतलें त्यांनीं असें वागावें, हें मला आवडलें नाहीं. आपलीं मुलें वाढलीं कीं शाळेशीं आपला संबंध संपला, ही वृत्ति तेथेंच आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं.

सहकारानें घरें बांधण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. मुंबईंत गांवदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालीं निघाली, म्हणजे सन सिटीच्या पंचेचाळीस वर्षें आधीं. भेद एवढाच कीं आपली सोसायटी कुटुंबांची असते, एका घरांत आजोबांपासून पाळण्यापर्यंत सर्व. त्यामुळें म्हाताऱ्यांची देखभाल हा सोसायटीचा विषय कधीं झालाच नाहीं, तो घरांतला विषय राहिला. आतां तीं घरें रिकामीं होत आहेत. तिसऱ्या मजल्यावर आजी एकटी, मुलगा परदेशीं, आणि लिफ्ट बंद. अशा वेळीं वयाची अट न घालतांही आपल्या सोसायट्यांनीं त्या संघाकडून दोन गोष्टी उचलाव्या असें मला वाटतें: कारागिरांची यादी आणि बंद किंवा एकट्या घराची रोजची चौकशी. दोहोंनाही पैसा लागत नाहीं.

दिरांना चार गोष्टी कळवाव्या. अटींचा दस्त सही करण्यापूर्वीं शब्दशः वाचावा, दलालाच्या तोंडून ऐकूं नये. निधींत किती रक्कम आहे आणि गेल्या पांच वर्षांत पट्टी किती वाढली, तें लेखी मागावें. पट्टी थकली तर घरावर बोजा चढूं शकतो, म्हणून ती कोण भरणार याची व्यवस्था आपण अंथरुणाला खिळण्याआधींच करून ठेवावी. आणि सर्वांत मुख्य, हा संघ म्हणजे शुश्रूषागृह नव्हे. तो रस्ता झाडील, तक्रार ऐकेल, बंद घरावर नजर ठेवील. परंतु रात्रीं दोन वाजतां औषधाचा चमचा देणार नाहीं. त्या दिवसाचा विचार दिरांनीं आणि त्यांच्या पत्नीनें वेगळा करावयास हवा, आणि तो मुलांना समोर बसवून करावा.

राहिल्या सासूबाई. त्यांची तिकडे जाऊन मुलाचें घर एकदां पाहण्याची इच्छा आहे, असें पत्राच्या शेवटीं बारीक अक्षरांत लिहिलें आहे. त्यांना सांगावें कीं नव्वद दिवसांची मर्यादा एकोणीस वर्षांखालच्यांना आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईचे दिवस संघ मोजणार नाहीं. जे कांहीं मोजावयाचे ते व्हिसा देणारें सरकार मोजील. पोथी बरोबर न्यावी. तिन्हीसांजेचा प्रश्नही त्यामुळें तेवढ्या काळापुरता सुटेल.